शाया ते शाळा: जिल्हा परिषद शाळेतलं आमचं २०२४-२५

माझी मुलगी पहिलीत होती तेव्हा ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा लिहायची. वहीत त्यावर लाल फुली यायची. ‘फळ’चं ‘फय’, ‘सकाळ’चं ‘सकाय’, आणि शाळेचं तर ‘शाया’च, कारण घरी आम्ही अहिराणी बोलतो. वर्षाच्या शेवटी वहीत फुल्याच जास्त आणि पोर वही लपवायला लागलेली. दुसरीत गेल्यावर तिला शाळा बदलून द्यायची, तालुक्याच्या गावाला गाडीने पाठवायची, असं घरात जवळजवळ ठरलं होतं. ते का रद्द झालं आणि वर्ष कसं गेलं, ते सगळं इथे लिहिते आहे. आपल्याकडे लोक मोबाईल घेण्याआधी दहा जणांचं मत वाचतात. शाळेबद्दल मात्र ‘झेडपीची ना, मग काय’ एवढ्यावरच विषय संपतो. म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं गाव खान्देशात, तापीच्या खोऱ्यात. गावाचं आणि तालुक्याचं नाव मुद्दाम देत नाही, कारण शिक्षक अजून तिथेच आहेत आणि मला काही तक्रारीही मांडायच्या आहेत. शाळा पहिली ते चौथी, मुलं अडतीस, शिक्षक दोन. साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात, शिक्षण हक्क कायद्याचा हिशेब तसाच आहे. मोठे सर तिसरी-चौथी घेतात, मॅडम पहिली-दुसरी. मी घरी शिलाईकाम करते. तीन एकर वावर आहे, त्यात कपाशी आणि मका. त्या वर्षी मी शाळा व्यवस्थापन समितीत होते. २००९ च्या त्याच कायद्याने समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्या लागतात, म्हणून माझा नंबर लागला. आधी वाटलं होतं सही करण्यापुरतंच असेल. तसं झालं नाही.

पहिल्या बैठकीत मोठ्या सरांनी वर्षभरात जिल्ह्याने आणि शाळेने कशावर भर द्यायचा ते वाचून दाखवलं. वाचन-लेखन आणि गणित, मुलांची हजेरी, आहार, गणवेश-पुस्तकं, इमारत आणि स्वच्छता, टीव्ही-संगणक. वाचून झाल्यावर सर म्हणाले, “ताई, दोन माणसं आहोत आम्ही. यातलं पहिलं आणि दुसरं जीव लावून करतो. बाकीच्यासाठी तुम्ही आमच्या पाठीशी राहा.” वर्ष संपल्यावर मागे वळून पाहते तेव्हा त्यांनी शब्द पाळला असंच म्हणावं लागेल.

वाचनाबद्दल आधी. केंद्र सरकारने ५ जुलै २०२१ ला निपुण भारत अभियान सुरू केलं. त्यात तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता आलं पाहिजे आणि साधं गणित आलं पाहिजे, असं ठरलं आहे, मुदत २०२६-२७ पर्यंतची. दुसरीच्या मुलाने मिनिटाला ४५ ते ६० शब्द वाचावेत आणि ९९९ पर्यंतच्या संख्या ओळखाव्यात. हे आकडे शाळेच्या भिंतीवर रंगवलेले आहेत. जूनमध्ये माझी मुलगी त्या भिंतीपुढे उभी राहिली तर तो आकडासुद्धा तिला वाचता येत नव्हता.

मॅडम नव्या होत्या. आधीचे गुरुजी निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी या लातूरकडून आल्या. त्यांना अहिराणीचा एक शब्द येत नव्हता. पहिल्याच आठवड्यात पहिलीच्या एका पोराला त्यांनी विचारलं, “तुझं नाव काय आहे?” तर तो नुसता बघत बसला. माझ्या मुलीने त्याला विचारलं, “तुनं नाव काय शे?” आणि त्याने पटकन सांगितलं. दुसरं कोणी असतं तर म्हणालं असतं, घरी मराठी बोला म्हणजे पोरं सुधारतील. आम्हाला लहानपणी तेच ऐकवलं गेलं होतं. मॅडमनी त्या दिवशी फळ्यावर मधोमध रेघ मारली. एका बाजूला ‘घरचा शब्द’, दुसऱ्या बाजूला ‘पुस्तकातला शब्द’. शाया, शाळा. डोया, डोळा. काया, काळा. केयं, केळं. घरचा शब्द मुलं सांगायची आणि मॅडम लिहायच्या. मग पुस्तकातला शब्द मॅडम सांगायच्या आणि मुलं लिहायची. आमच्या बोलीत ‘ळ’ येत नाही, त्या जागी ‘य’ येतो, हे मॅडमना मुलांकडूनच कळलं.

पालक सभेत त्यांनी मला मुलीची पहिलीची वही उघडून दाखवली. म्हणाल्या, “हिला लिहिता येत नाही असं कुणी सांगितलं? ही जसं ऐकते तसं अगदी बरोबर लिहिते आहे. ‘डोया’ला काना-मात्रा सगळं नीट आहे.” ती वही मी शंभर वेळा पाहिली होती. मला फक्त लाल रंग दिसायचा. पोरीच्या अक्षरांकडे मी कधी बघितलंच नव्हतं.

गाडी सरळ धावली असंही नाही. ऑगस्टमध्ये मुलांना ‘ळ’ सापडला आणि त्यांनी तो सगळीकडे लावायला सुरुवात केली. पायाचं ‘पाळ’ झालं, गायीची ‘गाळ’. मुलगी पाढे पाठ केल्यासारखी म्हणायची, “घरचा य, शाळेचा ळ.” मॅडमनी मग तिसरा रकाना काढला: ‘दोन्हीकडे तोच’. गाय, पाय. म्हणजे गाय इथेही गाय आणि तिथेही गाय. या तिसऱ्या रकान्यावर महिनाभर गेला. आमच्या आत्यांनाही, म्हणजे सासूबाईंनाही, त्याचा नाद लागला. शाळेची पायरी न चढलेली माझी सासू नातीला चुलीपुढे बसवून शब्द द्यायची आणि विचारायची, “हाई कोणता खानामा?” (हे कोणत्या रकान्यात?) नात सांगायची.

या एका गोष्टीसाठी मी शाळेला पैकीच्या पैकी देते. याला एक रुपया खर्च आला नाही. खडू आणि कान एवढंच लागलं. दिवाळीच्या सुटीआधी मॅडमनी मोबाईलवर वेळ लावून वाचून घेतलं तेव्हा मुलीचे मिनिटाला अठ्ठावीस शब्द झाले. एप्रिलमध्ये चोपन्न. जानेवारी २०२५ मध्ये ‘असर’ या खेड्यांतल्या शिक्षणाच्या पाहणीचा अहवाल आला. देशभरातल्या खेड्यांतल्या सरकारी शाळांमध्ये तिसरीच्या शंभरातल्या साधारण २३ मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता येतो, असं त्यात होतं, आणि २०२२ पेक्षा तीही वाढच आहे. ते वाचलं तेव्हा आमच्या दुसरीच्या वर्गातली बारा पोरं मी डोळ्यापुढे आणली. नऊ जणं नीट वाचतात, दोघं अडखळतात. एक मुलगा अजून अक्षरांवरच आहे, त्याच्याबद्दल पुढे लिहिते.

माता गट हाही याच कामाचा भाग होता. आठवड्याला मोबाईलवर एखादी साधी कृती यायची, शनिवारी आम्ही सात-आठ बाया मारुतीच्या पारावर मुलांना घेऊन बसायचो. सातवीला शाळा सुटलेल्या बाया आहेत आमच्यात. पहिल्या शनिवारी मोठ्याने वाचायला कोणी तयार होईना. दिवाळीनंतर एक जण खतांच्या गोणीवरचं वाचून दाखवायला लागली आणि मग सगळ्यांना जोर आला. शनिवारी शाळेतही दप्तर नसायचं. राज्याने आनंददायी शनिवार सुरू केला आहे, त्या दिवशी खेळ, गाणी, बागकाम असतं. हिवाळ्यात एका शनिवारी मुलांनी शाळेच्या मागे काट्याकुट्यांवर वांगी भाजून भरीत केलं. कांद्याची पात घरून, कळण्याची भाकरी घरून. वांगी किती, तेल किती, माणशी वाटा किती, ते सगळं चौथीच्या मुलांनी वहीत लिहिलं.

गणितात मोठ्या सरांनी कपाशी वापरली. मजुरी वेचणीच्या किलोवर ठरते हे मुलांना घरूनच माहीत असतं. सरांनी मध्यम धाग्याच्या कापसाचा त्या हंगामाचा हमीभाव फळ्यावर लिहिला, क्विंटलला ७१२१ रुपये, आणि लांब धाग्याचा ७५२१. तिसरीला ९९९९ पर्यंतच्या संख्या असतात, त्यात हे दोन्ही आकडे बसतात. मुलांनी ते वाचले, वजा केले, चारशेचा फरक काढला. मग घरी जाऊन बापाला विचारलं, आपला कापूस कितीने गेला? गावातल्या बऱ्याच घरांत त्या आठवड्यात त्यावरून बोलणं झालं. आमच्याकडेही झालं. व्यापाऱ्याची पावती मुलीने वाचून दाखवली.

आता हजेरी. इथे मला वाईट वाटतं, पण शाळेबद्दल नाही.

आमच्या गावाच्या कडेला भिल्ल वस्ती आहे. दिवाळी झाली की तिथल्या निम्म्या घरांना कुलूप लागतं. मुकादमाची उचल घेतलेली असते, टोळी कोयते घेऊन ऊसतोडीला जाते. काही वरच्या अंगाला, काही गुजरातेत. लेकरं बरोबर जातात, कारण मागे कोण बघणार? २०२४ च्या नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूकही होती, मतदान २० तारखेला. शिक्षकांना तिकडचं काम, त्याच दिवसांत गाळप सुरू झालेलं, आणि त्याच दिवसांत ट्रक वस्तीवर येऊन उभे. आमच्या शाळेतली नऊ मुलं जाणार होती.

मोठे सर आणि मी संध्याकाळी घरोघर गेलो. अशा मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची सोय असते. मुलांनी गावातच राहायचं, आजी-आजोबांकडे झोपायचं आणि सकाळ-संध्याकाळचं जेवण शाळेत घ्यायचं. आम्ही यादी दिली, कागद केले. मंजुरी यायला जितका वेळ लागायला नको तितका लागला. मधल्या दिवसांत गावातल्या चार घरांनी आळीपाळीने संध्याकाळची भाकरी दिली. एका आजीने मला विचारलं, “ते जेवण कधी चालू व्हई?” मला उत्तर देता येत नव्हतं. रोज तोच प्रश्न. कारखाना कधी पेटतो हे सगळ्यांना आधीच माहीत असतं. मग त्या पोरांच्या ताटाचा कागद आधी का हलत नाही? वर्षातली ही माझी सर्वांत मोठी तक्रार आहे आणि ती मी बैठकीच्या वहीतही लिहायला लावली.

नऊपैकी सहा मुलं थांबली. तीन गेली. गेलेल्या मुलांना शिक्षण हमी कार्ड देतात. जिथे जाल तिथल्या शाळेत ते दाखवून बसायचं. सरांनी तिघांची कार्डं प्लास्टिकच्या पिशवीत घालून दिली. दोघं भाऊ तिकडे महिनाभर एका शाळेत बसले असं त्यांच्या आईने सांगितलं. तिसरा, दुसरीतला, कुठेच बसला नाही. फडातून शाळा लांब होती आणि त्याच्याकडे लहान बहीण सांभाळायचं काम होतं. मार्च संपताना परत आला तेव्हा ‘क’ आणि ‘फ’ मध्ये गोंधळत होता. वर लिहिलं ना, एक मुलगा अजून अक्षरांवरच आहे, तो हा. मॅडमनी त्याला आल्या दिवसापासून जवळ बसवलं. हजेरीपटावर त्याचं नाव वर्षभर होतं. कोरे खाने किती होते ते मी मोजले नाहीत.

जे सहा थांबले त्यांच्याबद्दल एवढंच सांगते: सहाही जणं एप्रिलपर्यंत शाळेत होती आणि त्यातली चौथीतली एक मुलगी वर्गात सगळ्यांत चांगलं वाचते. यात शाळेचं यश आहे आणि त्या आज्यांचंही.

आहाराचं काम मी जवळून पाहिलं, कारण चवीच्या नोंदवहीत महिन्यातून काही दिवस माझी सही असायची. प्राथमिकच्या मुलाला रोज १०० ग्रॅम तांदूळ, जेवणातून ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं प्रमाण आहे. २०२४ च्या जूनमध्ये नव्या पाककृतींची यादी आली. भात-खिचडीबरोबर मोड आलेलं कडधान्य आणि गोड पदार्थ. मोड आलेली मटकी मुलांना एवढी आवडली की घरी मागायला लागली. स्वयंपाकी ताईंना त्या वर्षी महिन्याला २५०० रुपये मानधन मिळायचं. सकाळी नऊला येतात, तांदूळ निवडतात, भांडी घासून तीनला घरी. अडतीस पोरांचं रोजचं जेवण, आणि वर्षभरात एकही पोर पोट धरून बसलं नाही. याची नोंद कोणत्याही अहवालात सापडणार नाही, म्हणून इथे करते.

अंड्यांचं मात्र वाईट झालं. २०२३ च्या नोव्हेंबरात आठवड्याला एक अंडं सुरू झालं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्यासाठीचा वेगळा पैसा थांबला आणि लोकवर्गणीतून जमलं तर द्या असं ठरलं. आम्ही वर्गणी काढली. गावातल्या दोन कोंबडीवाल्यांनी अंडी दिली, एका दुकानदाराने महिनाभराचे पैसे भरले. मार्चपर्यंत कसंबसं चालवलं, नंतर नाही जमलं. अंडी ज्या घरात विकत येत नाहीत, त्याच घरातली मुलं बुधवारी लवकर यायची. त्यांना आम्ही काय सांगायचं?

गणवेशावर मी जरा जास्त बोलणार, कारण ते माझं काम आहे. त्या वर्षी राज्यभर एकच गणवेश, एकच कापड, शिलाई एकत्र, असं ठरलेलं होतं. शाळा जूनच्या मध्याला उघडली. आमच्या पोरांच्या अंगावर नवा गणवेश आला तेव्हा पोळा होऊन गेला होता. गठ्ठा उघडला आणि मी टेप घेऊन बसले. मापं वयावरून धरलेली. पण आमच्याकडे सात वर्षांचं एक पोर अठरा किलोचं आणि दुसरं सव्वीस किलोचं असतं. शर्टाचा खांदा कोपरापाशी यायला लागला. चड्ड्यांचा नेफा सैल, काजं उसवलेली, बटणं एका टाक्यावर. अडतीसमधले बावीस गणवेश मी घरी आणून दुरुस्त केले. खांदे उतरवले, बाजूला दाब घेतला, इलॅस्टिक बदललं, बटणं पक्की केली. हे काही मोठेपणा म्हणून सांगत नाही. वर्षभर वापरायचा कपडा अंगाला नीट बसला पाहिजे. सैल चड्डी एका हाताने धरून मुलगा कबड्डी कशी खेळणार?

कापड बरं होतं, हेही खरं. धुऊन विटलं नाही. प्रश्न मापाचा आणि वेळेचा होता. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय झाला की पुढच्या वर्षापासून गणवेशाचं काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे येणार. तो ऐकल्यावर मी त्याच आठवड्यात सगळ्या मुलांची मापं घेऊन ठेवली. छाती, खांदा, उंची, कंबर. जूनमध्ये ती पुन्हा घ्यावी लागतील, पोरं वाढतात, पण कुठून किती वाढवायचं ते कळेल.

पुस्तकं वेळेवर आली, पहिल्या दिवशी हातात. चार भागांतलं पुस्तक, एकाच भागात सगळे विषय आणि मध्ये लिहायला कोरी पानं. दप्तर हलकं होतं हे खरं. पण पहिला भाग संपेपर्यंत कोपरे दुमडून त्याची पार दशा व्हायची.

इमारतीवर फार वेळ घालवत नाही. भिंती रंगल्या, त्यांवर झाडांची चित्रं काढली, आकडे लिहिले, छान दिसतात. माझी शाळा सुंदर शाळा अभियानासाठी गावाने दोन दिवस श्रमदान केलं. तिसरीच्या खोलीचं छत गळत होतं ते वर्षाच्या शेवटीही गळतं. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाण्याची टाकी बसली आणि ती भरण्याची जबाबदारी चौथीच्या मुलांनी वाटून घेतली. लोकवर्गणीतला टीव्ही भिंतीवर आहे. नेट असलं की चालतो.

शिक्षकांच्या वेळेबद्दल लिहायलाच पाहिजे. मोठ्या सरांना मी वर्गात मोबाईलवर माहिती भरताना पाहिलं आहे. आहाराचा आकडा, हजेरी, अमुक उपक्रमाचे फोटो, तमुक शपथेचे फोटो. दोन शिक्षकांच्या शाळेत एक जण केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला गेला की चारही वर्ग एकाच माणसाकडे. मी एक महिना समितीच्या वहीत तारखा टिपल्या. चोवीस दिवसांत सात दिवस शाळेत एकच शिक्षक होता. मुलांना वाचायला शिकवा असं ज्या पत्रात लिहिलेलं, त्याच पत्रात शेवटी पाच फोटो पाठवा असंही होतं. दोघंही शिक्षक यावर कधी बोलत नाहीत, म्हणून मी बोलते. सरांचा वेळ पोरांचा आहे.

५ मार्चपासून राज्यात निपुण महाराष्ट्रचा कृती कार्यक्रम सुरू झाला, दुसरी ते पाचवीच्या मुलांसाठी. आमच्याकडे वाचनाचं काम जूनपासूनच चालू असल्यामुळे मॅडमना वेगळं काही करावं लागलं नाही. अक्षरांवर अडकलेल्या मुलांसाठी एक तास जास्त मिळाला. मार्चमध्ये शाळा सकाळची झाली. एप्रिलमध्ये खान्देशात काय ऊन असतं ते बाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. परीक्षा त्या वर्षी सगळ्या राज्यात २५ एप्रिलपर्यंत चालल्या. साडेदहाला पोरं डोक्यावर ओला रुमाल टाकून घरी यायची. परीक्षेच्या तारखा ठरवताना बेचाळीस-त्रेचाळीसचा पारा असलेल्या गावांचा वेगळा विचार व्हायला हवा.

काय कमी पडलं तेही स्पष्ट लिहिते, कारण गावातल्या काही बायांनी विचारलं आहे, आम्ही पोरं टाकू का. इंग्रजी कच्चं आहे. शब्द येतात, वाक्य येत नाही. मैदान आहे, पण खेळाचं सामान कडी-कुलपात असतं आणि ते बाहेर क्वचित येतं. चौथीनंतर मुलाला दुसऱ्या गावी जावं लागतं, मुलींसाठी तो प्रश्न खरा आहे. ज्यांना टाय-बूट आणि गाडी दाराशी पाहिजे, त्यांना इथे ते मिळणार नाही. पण मुलाला रोज कोणीतरी नावाने हाक मारून जवळ बसवावं, त्याचं वाचन कानाने ऐकावं असं वाटत असेल, तर मी सांगते, टाका. माझी मुलगी गाडीने जाणार होती ती गेली नाही याचं मला समाधान आहे.

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, २०२५ मध्ये ३० एप्रिलला होती. आखाजीला माहेरी गेले नाही असं लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच झालं, कारण १ मेला झेंडावंदन आणि निकाल. लिंबाला झोका बांधलेला होता, पोरी गौराईची गाणी म्हणत होत्या. माझी मुलगी झोक्यावरून उतरून तशीच गुडघ्याला माती लावून निकालाला आली. मॅडमनी तिचं प्रगतिपत्रक हातात देण्याआधी तिच्याकडूनच ते मोठ्याने वाचून घेतलं. वर्गशिक्षिकेचा शेरा वाचताना ती एका शब्दावर थांबली. ‘सफळ’. मग सावकाश, ‘ळ’वर जीभ टेकवून, नीट म्हणाली.

त्याच दिवशी धाकट्याचा पहिलीचा प्रवेशअर्ज भरला. तो अंगणवाडीतून येतो आहे, जूनआधीच सहा वर्षं पूर्ण होतात. एप्रिलच्या शाळा पूर्वतयारी मेळाव्यात त्याने रंग ओळखले, दोरीवर उडी मारली आणि मॅडमना त्यांच्याच तोंडावर विचारलं, “तू कोठेन ऊनी?” (तू कुठून आलीस?) मॅडमनी त्याला अहिराणीतच उत्तर दिलं, थोडं चुकत, पण दिलं. अर्जात नाव, जन्मतारीख, पत्ता भरत गेले आणि ‘मातृभाषा’ या रकान्यापाशी आले. मुलीच्या वेळी तिथे मी मराठी लिहिलं होतं. या वेळी अहिराणी लिहिलं. मोठ्या सरांनी अर्ज वाचला, त्या शब्दावर बोट ठेवून एकदा माझ्याकडे बघितलं आणि रजिस्टरमध्ये तसंच उतरवून घेतलं.